झोपलेट नावाचा मासा

माझ्या नातीने एक मासा काढला आणि त्यावरून शाळेत आणि घरात दोन्हीकडे बोंब झाली. माशाचं नाव झोपलेट. मी आयुष्यभर होडीवर होतो, आधी खलाशी आणि पुढे तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, पण हा मासा माझ्या जाळ्यात कधी आला नाही. येणार कुठून? तो पोरीच्या डोक्यात पोहत होता. मला त्या पोरीचा अभिमान वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी तिची बाजू घेतली की म्हातारा पक्षपात करतो असं कुणी म्हणायला नको. करतोच मी.

नात पाच वर्षांची, मोठ्या शिशूत जाते. बंदरावरून चढ चढून आलं की आमचं चिऱ्याचं घर लागतं. मुलगा ऑफिसात क्लार्क आहे. सून सावर्ड्याची, बी.ए. झालेली. तिच्या माहेरी मासा मोटरसायकलवर बसून दारात येतो, त्यामुळे लग्न होऊन आली तेव्हा तिला बांगडा आणि तारली एकच वाटायची. आता तिच्या हाताला चव आहे, खोटं कशाला बोलू. माझी बायको मासे विकायची. बाजारात तिची जागा ठरलेली होती आणि तिचा आवाज रिक्षा स्टँडपर्यंत पोचायचा. गेल्या शिमग्याच्या आधी ती गेली. त्यावर मी जास्त लिहीत नाही. लिहून माणूस परत येत नाही.

ती गेल्यावर घर गप्प झालं. मुलगा-सून बोलायची, पण टीव्हीवरच्या बातम्यांसारखी, हळू आणि नीट. आणि मग एका संध्याकाळी मी आत चहा पीत असताना पडवीतून आवाज आला:

"हात लावू नको गो, डोळ्यांनी बघ. बघून पोट भरत असेल तर रोज ये."

हे वाक्य माझ्या बायकोचं. बाहेर येऊन बघतो तर नात आजीच्या पाटावर बसलेली, डोक्यावर आईची ओढणी, पुढ्यात सुपारीच्या झाडाची गळून पडलेली विरी, झावळीचा तो रुंद देठ. ती विरी म्हणजे माशाची पाटी. फणसाची पानं म्हणजे पापलेट, आंब्याची पानं म्हणजे बांगडे, आणि चिंचेचा पाला ओंजळभर ठेवलेला, तो जवळा. समोर गिऱ्हाईक नव्हतंच. पोर हवेशी भांडत होती आणि हवा हरत होती.

तिने एक खडा उचलला, कपाळाला लावला आणि पाटाखाली ठेवला. पहिल्या विक्रीला आमच्याकडे भवानी म्हणतात. भवानीचा पैसा बायको असाच कपाळाला लावायची. पोरीला हे कुणी शिकवलं नव्हतं. सुट्टीत आजीबरोबर बाजारात बसायची, तेव्हा बघितलं असेल.

त्या दिवसापासून शाळा सुटली की मी दाराच्या आत खुर्ची टाकून बसायला लागलो. पडवीकडे पाठ करून. बघितलं की नात दिसायची. नुसतं ऐकलं की बायको. मला ऐकायचं होतं.

मुलाला हे पसंत नव्हतं. "बाबा, ती आईची नक्कल करते आणि तुम्ही कौतुक करता. उद्या शाळेत अशी बोलली म्हणजे?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे बाजारातली भाषा."

"त्याच भाषेने तू शिकलास," मी म्हणालो. तो उठून गेला. तो वाईट नाही. त्याला लहानपणी शाळेत पोरं नाक धरून दाखवायची, ते त्याच्या मनातून गेलेलं नाही. आपल्या पोरीचं तसं होऊ नये एवढंच त्याचं म्हणणं. पण मी सरळ बोलतो आणि त्याला ते लागतं.

एक दिवस गिऱ्हाईक म्हणून मलाच बोलावणं आलं. पाटीत फणसाचं एक पान वेगळं ठेवलेलं, खाली कापसाचा तुकडा, वर आईचा हातरुमाल पांघरलेला.

"हा काय गो?"

"झोपलेट."

"पापलेट म्हणायचं."

"पापलेट तो तिकडं. हा झोपलेट. हा झोपूनच असतो. हळू बोल."

"मग जाळ्यात येतो कसा?"

"येत नाय. जाळंच त्याच्याकडं जातं. हळू उचलायचा. जागा झाला तर बांगडा होतो."

"कसा दिलास?"

"एक जांभई."

मी तोंड वासलं. तिने मान हलवली. "खोटी जांभई चालत नाय. खरी आली की ये. तू झोपत नायस ना, तुला अर्धा देईन. खाल्लास की झोप येते."

मी हसलो आणि पाठ करून पुन्हा खुर्चीत बसलो. मला वाटलं पोरीची जीभ घसरली आणि तिने ती सावरून घेतली. बायको असती तर तिने दोघांना एकेक टपली मारली असती, असंही वाटलं. त्यापुढे मी विचार केला नाही. मला तिने आजीसारखं ओरडायला हवं होतं.

आता शाळेचं. वर्गातल्या बाई कोल्हापूरकडच्या, बदली होऊन आलेल्या. तरुण आहेत, कष्टाळू आहेत, वर्ग पोरांनी खच्चून भरलेला. त्यांनी मुलांसाठी एक तक्ता केला, 'आपल्याकडचे मासे'. मुलांना म्हणाल्या, तुम्ही सांगा नावं, मी लिहिते, तुम्ही चित्रं काढा. पोरांनी सुरमई सांगितली, बोंबील सांगितला, कोळंबी सांगितली. आमची उठून म्हणाली झोपलेट. आणि मधल्या सुट्टीत तिच्याकडून झोपलेट विकत घेऊन बसलेली अर्धी पोरं ओरडली, हो हो, झोपलेट! बाईंनी लिहिला. नातीने त्याचं चित्र काढलं, डोळे मिटलेला, अंगावर पांघरूण. बाईंना वाटलं ते पांघरूण म्हणजे माशाचा कसला तरी पर असेल.

तक्ता भिंतीवर लागला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, केळशीच्या, जन्मापासून मासे खाऊन वाढलेल्या. त्या पालकांपैकी कुणाला तरी वर्ग दाखवत होत्या. तक्त्यापुढे थांबल्या.

"हा कुठला मासा हो बाई?"

"झोपलेट. इकडे मिळतो म्हणे."

पुढे काय झालं असेल ते तुम्ही समजा. शिक्षकांच्या खोलीत अजून त्यांना विचारतात म्हणे, आज डब्याला झोपलेट काय? परगावाहून आलेल्या बाईला हे किती लागलं असेल मला कळतं. मी पहिल्यांदा मोठ्या होडीवर गेलो तेव्हा मला वाऱ्याची पिशवी आणायला पाठवलं होतं आणि मी गेलो होतो.

पण बाईंनी राग पोरीवर काढला. सून आणायला गेली तेव्हा फाटकात सांगितलं, "तुमची मुलगी खोटं बोलते. इतकं सफाईने की मला खरं वाटलं. वर्गात सगळे जांभया देतात, मला वाटलं मी कंटाळवाणं शिकवते. ते हिनेच लावलेलं. आत्ताच थांबवा, नाही तर सवय लागेल. पालकसभेच्या दिवशी तिने माझ्याजवळ येऊन सांगावं की मी खोटं बोलले."

सून घरी आली ती रडवेली. मुलगा संध्याकाळी आला आणि पोरीला पुढ्यात घेऊन बसला.

"झोपलेट आहे का समुद्रात?"

"नाय."

"मग खोटं बोललीस ना?"

"नाय."

"अगं, नाही आहे म्हणतेस ना आत्ताच?"

"खोटं नाय बोलले."

"बाईंना सॉरी म्हणायचं."

त्यानंतर तिने त्या विषयावर तोंडच उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली, पाट उचलून भिंतीला लावला, विरी अंगणाच्या कडेला टाकली आणि मोबाईलवर कार्टून बघत बसली. सुनेला बरं वाटलं, पोर शहाणी झाली म्हणून. मला घर दुसऱ्यांदा गप्प झालेलं ऐकू आलं. कोंबड्या विरी उकरत होत्या. पोर पुन्हा पाटावर बसली नाही तर मी संध्याकाळी करायचं काय, हा माझा स्वार्थ. पण स्वार्थ बाजूला ठेवून सांगतो, पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडावर खोटारडी हा शिक्का बसत होता आणि तिला तो पुसता येत नव्हता. सॉरी म्हणाली तर ती स्वतःच खोटारडी म्हणून कबूल होणार. नाही म्हणाली तर हट्टी.

सभेला मीही जायचं ठरवलं. सून रिक्षात म्हणाली, "बाबा, तिथं तुम्ही काही बोलू नका हं."

"बघू."

"बघू वगैरे नाही. बोलू नका."

पोर आमच्या मध्ये बसली होती. तिने खिडकीबाहेर बघितलं आणि मोठा उसासा सोडला, अगदी नातवंडं झालेल्या बाईसारखा.

फळ्यावर रंगीत खडूने विषय लिहिला होता: 'बालकांची सर्जनशीलता आणि आपण'. मी चौथीपर्यंत शिकलेला. सुनेला विचारलं, हे मधलं काय?

"म्हणजे नवीन काहीतरी काढणं, बाबा. आपल्या डोक्याने."

बरं, म्हटलं. कळलं.

बाई चांगलं बोलल्या. मुलांना मोकळीक द्या म्हणाल्या, त्यांच्या कल्पनांना दाबू नका, प्रत्येक मूल वेगळं असतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग मुलांनी केलेल्या वस्तूंचं टेबल बघायला बोलावलं. आगकाड्यांची होडी होती, डोलकाठीसकट, दोऱ्या ताणलेली. कुणा बापाने काम सोडून केली असेल. थर्माकोलचा किल्ला होता, तोफांना काळा रंग. आमच्या सुनेने केलेलं आईस्क्रीमच्या काड्यांचं घर होतं, नातीच्या नावाने, त्याला चांदणीही मिळालेली. ते घर करताना मी तिथंच होतो. पोरीला दार छपराला हवं होतं. पावसात पाणी अंगणात साचतं, मग माणसांनी वरून जायचं, असं तिचं म्हणणं. सुनेने दार नीट समोर बसवलं आणि पोरीला तळाला गोंद लावायला दिला. तळ कुणाला दिसत नाही.

मी सुनेकडे बघितलं. ती घराकडे बघत होती. तिचे कान लाल झाले.

लोक पांगल्यावर बाई आमच्याकडे आल्या. पोरीसमोर वाकून म्हणाल्या, "काय, सांगायचं होतं ना काहीतरी?"

पोर मागे सरकली. आईचा पदर धरून उभी.

मला राहवलं नाही. "बाई, तुमचा मान राखून सांगतो. तुम्ही आत्ता बोललात ते मला पटलं. मग हिने नवीन काढलं तर ते खोटं कसं?"

"आजोबा, गोष्ट सांगणं वेगळं आणि फसवणं वेगळं. मी इकडची नाही. तुमच्याकडे माशांना नावं तरी किती! एकाच माशाला तीन-तीन. मी विश्वास ठेवला. तिने मला सांगायला हवं होतं की नाही, की हे खेळातलं आहे?"

त्यात चूक काही नव्हती. तरी मी जे मनात होतं ते बोलून टाकलं. "ती आजीची नक्कल करते बाई. तिची आजी मासे विकायची. गेली ती. ही बसते आणि तश्शीच बोलते. आमच्या घरात आजीच आहे ती, असं समजा. तिला गप्प करू नका."

सुनेने माझ्या शर्टाची बाही ओढली. बाईंचा चेहरा उतरला. आणि तेवढ्यात पोर बोलली. आमच्याकडे न बघता, टेबलाच्या पायाकडे बघून.

"आजी नाय. आजी झोपलेट विकत नव्हती. आजीला ठाऊकच नव्हता. तो माझा."

एवढंच. आणि खरं होतं ते. पाठ करून बसायचो तेव्हा बायकोची वाक्यं तेवढी मी वेचून घेत होतो आणि पोरीची स्वतःची वाक्यं कानाआड करत होतो. जांभईला मासा द्यायचं माझ्या बायकोच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नसतं. ती रोकडा व्यवहार करणारी बाई. मी आजी आजी करत बसलो होतो आणि समोर भलतीच कुणीतरी दुकान मांडून बसली होती.

"आणि मी सांगितलेलं," पोर पुढे म्हणाली. आता तिने बाईंकडे बघितलं. "तक्ता केला तेव्हाच सांगितलेलं. बाई, झोपलेट मी काढला. तुम्ही म्हणालात, छान काढलास."

बाईंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं.

"मला वाटलं चित्र," त्या म्हणाल्या.

"चित्र पण काढलं. पण आधी मासा काढला."

सुनेच्या तोंडून हसू फुटलं, तिने ते पदरात दाबलं. बाईंनी दाबलं नाही. त्या बाकावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "काढला! हो गं बाई, सांगितलं होतंस तू. मीच नीट ऐकलं नाही." मग पोरीचा हात धरून म्हणाल्या, "तू खोटं बोलली नाहीस. मी उद्या वर्गात सांगीन सगळ्यांना. चालेल?"

पोरीने जरा विचार केला. "मोठ्या बाईंना पण सांगा."

"त्यांना पण सांगते."

माझ्या छातीवर तेव्हा कुणी बिल्ला लावला असता तर तो उडून पडला असता, इतकी ती फुगली होती. पाच वर्षांची पोर, बी.ए. झालेल्या आईसमोर, बाईंसमोर, माझ्यासमोर. तिच्या बापाने, बाईंनी आणि मी तिच्यावर आपापलं एकेक नाव चिकटवलं होतं, नक्कल, खोटं आणि आजी. तिने तिन्ही सोलून काढली आणि रडलीही नाही.

बाईंनी कात्री आणली. तक्त्यातून झोपलेट पांघरुणासकट कापून घेतला आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर एकटाच चिकटवला. त्याच्यावर काय लिहायचं, असं त्यांनी पोरीला विचारलं. "काय नको," ती म्हणाली. "झोपलाय."

मुलाला रात्री जेवताना सगळं सुनेने सांगितलं, मी तोंड बंद ठेवलं. तो खूप वेळ भात कालवत बसला. मग पोरीला म्हणाला, "छपराला दार काढायचं होतं ना तुला? मग आत उतरायचं कसं?"

"शिडीने," ती म्हणाली. "तुला काय उडता येतं?"

त्याला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी त्या घरात माणसं पानावर हसली.

दुसऱ्या दिवशी पडवीत दुकान लागलं. मी खुर्ची बाहेर आणली आणि तिच्याकडे तोंड करून बसलो. खरं सांगायचं तर आवाजात आता बायको कमी आहे. एखादं वाक्य येतं, "डोळ्यांनी बघ" वगैरे, पण ते मिठासारखं, चवीपुरतं. बाकी सगळा माल पोरीचा. ते ऐकताना बायकोची आठवण येते आणि मान ताठ होते, दोन्ही एकदम. सून कामं आटपून गिऱ्हाईक म्हणून येते आणि सावर्ड्याच्या आठवडा बाजारात वांगी घ्यावीत तसं माशाला दाबून बघते. पोर तिला हाकलते. "जा गो, भाजीवाली!"

मला तिने बढती दिली. गिऱ्हाईक नको म्हणाली, तू तांडेल. माल आण.

मी अंगणात एक फेरी मारली आणि आंब्याची पानं घेऊन आलो. "बांगडा. ताजा."

"असला सगळेच आणतात."

पुन्हा गेलो. "सरंगा."

"तो बाजारात मिळतो ना? मग माझ्याकडं कोण येईल? नवीन काढ."

आता मला घाम फुटला. इतकी वर्षं समुद्रातून मासा काढला. डोक्यातून कधी काढला नव्हता. अंगणात रातांब्याच्या झाडाखाली उभा राहिलो. सून पडवीतून बघत होती, हसत होती मेली. फेऱ्या मारल्या. मग एक करवंटी पडलेली दिसली, ती उचलली, पालथी केली, तिच्या भोकातून आत फुंकर मारली तर घर्र आवाज आला. ती घेऊन पोरीसमोर ठेवली.

"ही कोण?"

"घोरमई," मी म्हणालो. "सुरमईची मोठी बहीण. रात्रभर घोरते. जवळ असली की शेजारच्याला झोपू देत नाही."

"मग कशाला आणलीस?"

"नसली तरी झोप येत नाही."

पडवीत सून हसायची थांबली. पोरीने करवंटी कानाला लावली, लांब धरली, पुन्हा लावली. वजन केलं. मी माझ्या आयुष्यात व्यापाऱ्यासमोर उभा राहिलो नसेन इतका धास्तावून उभा होतो.

"मोठी आहे," ती म्हणाली. "पण कोण घेणार ही? ठेव तिकडं सावलीला. बहिरं गिऱ्हाईक आलं की देऊ."